पंतप्रधानबाईंचं आडनाव

वेरूळ
३ जुलै २०२४

सन्माननीय माजी पंतप्रधान चंतारा यांस,

असंच लिहायला हवं ना आता? तुमच्या वकिलांचं पत्र मिळालं. इंग्रजीत आहे, तीन पानी आहे आणि त्यात चार ठिकाणी माझा उल्लेख 'सदर महिला' असा आहे. सदर महिला साठ वर्षांची झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आईजवळ वेरूळला येऊन राहिली, तिचे गुडघे दुखतात आणि ती अजून रागात आहे. मी मराठीतच लिहिणार. होस्टेलच्या खोलीत पहिलीचं पुस्तक पुढ्यात ठेवून मीच तुला मराठी शिकवलं होतं, तेव्हा भाषांतर करणारा शोधत बसू नकोस.

वकील लिहितात, तुझे फोन ऐकले जातात म्हणून कागदावर कळवा. लिहितात, तुमच्या देशात पंतप्रधान व्हायला पदवी लागते आणि विरोधकांनी कोर्टात दावा लावलाय की तुझी औरंगाबादची पदवी तुझी नाहीच, ती कुणा शिंगाडे नावाच्या बाईची आहे. निकाल ऑक्टोबरात. विरुद्ध गेला तर तुरुंग, आणि पुढच्या वर्षीची निवडणूकही गेली. ही शिंगाडे बाई कोण, हे शपथेवर सांगू शकणारी माणसं आता दोन-तीनच उरलीत. त्यातली एक मी.

सांगेन की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. आधी माझं ऐक.

तू पंतप्रधान झालीस त्या दिवशी आबांनी पेपरातला तुझा फोटो कापून खिशात ठेवला. लेण्यांवरची चौकीदारी सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सकाळचा चहा तिथल्याच टपरीवर. जो भेटेल त्याला फोटो दाखवायचे. "ही आमची हाय. माझ्या योगिनीसंगं शिकली. सुट्टीत घरी यायची, शेरडं राखायची." लोक हसायचे. पोरं त्यांना 'पंतप्रधानांचे वडील' म्हणायला लागली. आबांना त्यात चेष्टा दिसायचीच नाही, ते खुशाल मान हलवायचे.

मग नोव्हेंबर २०१८. तू लेणी बघायला येणार म्हणून आठ दिवस रस्ते झाडणं चाललं होतं. आबा त्र्याऐंशी वर्षांचे. खात्यातल्या जुन्या ओळखीनं त्यांना बाराव्या लेण्याच्या पायरीशी उभं राहू दिलं. धुतलेलं धोतर, नवा फेटा. तू आलीस, दोन हातांच्या अंतरावर आलीस. ते म्हणाले, "चंदा." तू थांबलीस, सगळ्यांना जोडत होतीस तसे हात जोडलेस आणि पुढे गेलीस. गावातली निदान चाळीस माणसं बघत होती.

घरी येऊन म्हणाले, "वळखलं तिनं. लई कामं असत्यात तिला." पण दुसऱ्या दिवसापासून टपरीवर गेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये वारले. मी तुला कळवलं होतं. चार पानं होती आणि त्यात एक शब्द गोड नव्हता. उत्तर आलं नाही.

विचार करून लिहीन. आणि पत्त्यावर आता औरंगाबाद नव्हे, छत्रपती संभाजीनगर लिहायला सांगा. नाहीतर पोस्टमन कुरकुर करतो.

योगिनी

वेरूळ
२८ जुलै २०२४

चंतारा,

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरात परदेशी तिकिटाचं पाकीट आलं आणि ते बानाबाईंच्या नजरेतून सुटलं, असं होत नाही. "कुणाचं हाय?" म्हणाली. चंदाच्या वकिलाचं, म्हटलं. "आजारी हाय व्हय?" नाही, कोर्टात अडकलीय, आपण सांगितलं तर सुटेल. आई माझ्याकडे बघत राहिली. "मंग तू हितं बसून काय करायली?"

म्हणून बजाजनगरला जाऊन आले. तुझ्यासाठी गेले असं समजू नकोस, आईनं जेवू दिलं नसतं.

आपल्या कॉलेजातले साहेबराव क्लार्क आठवतात? कानावर पेन्सिल खोचणारे. आता मुलाकडे असतात, मुलगा वाळूजला कंपनीत आहे. सत्तरी ओलांडली, कमी ऐकू येतं, पण तुझं नाव काढलं आणि गडी खुर्चीत सरळ बसला. "ती एकाच नावाची पोरगी!" म्हणाले.

तो दिवस त्यांना माझ्याहून चांगला आठवतो. १९८३, प्रवेशाची शेवटची तारीख. तू येऊन आठच दिवस झालेले, माझ्याच खोलीत उतरलेली. एकोणीस वर्षांची, वडिलांना तुमच्या तेव्हाच्या सरकारनं कोठडीत मारलेलं, आणि कुण्या भंतेजींच्या ओळखीनं इथं शिकायला पाठवलेली. फॉर्मवर नावाचे रकाने तीन. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. तू मधल्या रकान्यात 'चंतारा' लिहिलंस आणि पेन खाली ठेवलंस. तुमच्याकडे माणसाला एकच नाव असतं, हे साहेबरावांना पटेना. "आडनाव नसलेला माणूस मी बघितला न्हाय. दोन रकाने मोकळे सोडले तर वरून फॉर्म परत येतो. वर्ष जाईल पोरीचं."

आबा माझी फी भरायला आले होते आणि तुझे स्थानिक पालक म्हणून सही करायला थांबले होते. ते पुढे झाले. "माझं लावा की."

साहेबराव म्हणाले, "बाबा, असं कुणाचंबी नाव लावता येत नसतं."

आबांनी त्यांना समजावून सांगितलं. आमच्यात कोकराची आई मेली तर ते दुसऱ्या मेंढीला लावतात. तिच्या कोकराच्या अंगाला हे कोकरू घासतात, म्हणजे तिला वास ओळखीचा होतो आणि ती दोघांना पाजते. "तसं समजा," म्हणाले. "दोघी एका खोलीत राहत्यात, वास एकच हाय." साहेबराव इतके हसले की पेन्सिल खाली पडली. आणि त्यांनी लिहिलं: शिंगाडे चंतारा भिकन.

मी तुला मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. तू आबांकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. ते मला स्पष्ट आठवतं.

साहेबराव शपथेवर सांगायला तयार नव्हते. "पेन्शन बंद केली म्हंजी?" तासभर तेच. मग आपणच कपाटातून पेन्शनचे कागद काढून मला दाखवायला लागले, किती जुने आहेत ते. बघता बघता म्हणाले, "ह्याच्यावर औरंगाबाद हाय. आता गावाचं नाव बदललं. म्हणून काय माझी नोकरी खोटी झाली व्हय?" हेच कोर्टाला सांगा, म्हटलं. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. जबाब देणार आहेत.

योगिनी

वेरूळ
१९ ऑगस्ट २०२४

चंतारा,

वकिलांनी खटल्याच्या कागदांचा गठ्ठा पाठवला. काल दुपारी उघडला. नवव्या पानावर तुझ्या गुणपत्रिकेची प्रत आहे, विरोधकांनी पुरावा म्हणून दिलेली. तिच्या उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का आहे. 'सत्यप्रत', खाली मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, आणि माझी सही.

तू हे पान बघितलं असणार. माझी सही तू तीन वर्षं रोज बघितलीस. म्हणजे तुला माहीत होतं आणि तरीही तू वकिलांना मलाच पत्र लिहायला सांगितलंस. मागच्या दोन पत्रांत मी केवढा तोरा मिरवला, ते आठवून कालपासून जेवण गोड लागत नाही.

आता सगळं सांगते. मे २०२२, माझ्या निवृत्तीच्या आधीचे शेवटचे दिवस. तुमच्याकडचा एक पत्रकार शाळेत आला, बरोबर दुभाष्या. कॉलेजात चौकशी करून आला होता, तिथलं रजिस्टर आडनावांप्रमाणे लावलेलं, त्यात चंतारा नावाची विद्यार्थिनी सापडली नव्हती. तुझी मैत्रीण म्हणून माझं नाव कुणीतरी दिलं. आबांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मी घरून तुझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आणली. तू परत गेल्यावर कॉलेजातून तुझे कागद मीच उचलून पोस्टानं पाठवले होते, तेव्हाची. त्याला दिली. म्हटलं, शिंगाडे नावाखाली बघा. तो म्हणाला, ह्यावर अधिकृत शिक्का मिळेल का? मी ड्रॉवर उघडला आणि शिक्का मारला.

त्यानं विचारलं, शिंगाडे कोण? तिथं मी सांगू शकत होते. फॉर्म, आबा, सगळं पाच मिनिटांत सांगून झालं असतं. मी म्हटलं, तुमच्या पंतप्रधानांना विचारा.

मला वाटलं होतं, तुला जगासमोर आबांचं नाव घ्यावं लागेल. एवढंच हवं होतं. तुला तुरुंगात घालायचं माझ्या मनात नव्हतं. पण मनात काय होतं याला कोर्टात किंमत नसते, आणि तुलाही ते ऐकून काय करायचंय म्हणा. माझं चुकलं. नुसतं चुकलं नाही, मी दुष्टपणा केला. पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्या बाईनं अर्धं खरं सांगून माणूस बुडवला.

आता तू सांगशील ते करीन. जबाब, प्रतिज्ञापत्र, काहीही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

योगिनी

वेरूळ
८ सप्टेंबर २०२४

चंदा,

तुझ्या हातचं पत्र आलं. मराठी अक्षर अजून तसंच, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळ्या दिशेला. तीनदा वाचलं.

लिहितेस, शिक्का पहिल्या दिवशीच ओळखला, राग आला, पण बाराव्या लेण्यापाशी जे केलं त्यानंतर रागवायचा हक्क आपल्याला आहे का, तेच ठरेना. आणि पहिल्यांदाच लिहिलंस, तू त्या दिवशी असं का केलंस. तुझ्या शेजारी तुमच्याकडचे फोटोवाले होते. तुझ्या प्रत्येक सभेत मंचावर तुझ्या वडिलांचं चित्र असायचं. मास्तरकी केलीस, मास्तरांच्या संपात तुरुंगात गेलीस, शिक्षणमंत्री झालीस, पंतप्रधान झालीस, सगळीकडे लोकांनी तुला 'त्या मारलेल्या मास्तरांची मुलगी' म्हणूनच मतं दिली. आणि इथं एक म्हातारा, ज्याचं नाव तुझ्या पदवीवर बापाच्या जागी. तू घाबरलीस. "चंदा म्हणाले तेव्हा माझे पाय आबांकडेच वळले होते," असं लिहिलंयस. हे तू सहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतंस, बाई. त्यांनी वाचून घेतलं असतं माझ्याकडून, रोज एकदा.

असो. मीही काही कमी नाही.

त्याच पाकिटात वकिलांनी माझ्यासाठी प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला. त्यात लिहिलंय की कै. भिकन शिंगाडे यांनी परदेशी विद्यार्थिनीशी नातं दाखवून फायदा मिळवण्याच्या हेतूनं, तिच्या नकळत, तिची दिशाभूल करून स्वतःचं नाव लावून घेतलं. वकील समजावतात, साहेबरावांच्या जबाबामुळे पदवी तुझीच हे सिद्ध होईल, तुरुंग टळेल. पण तू जाणूनबुजून मान हलवलीस असं निघालं, तर तुझ्यावर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि दहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. तुला काहीच माहीत नव्हतं असं मी शपथेवर म्हटलं, तर तू पूर्ण मोकळी. तू खाली फक्त एवढंच लिहिलंयस: "हे वकिलांनी लिहिलंय. तू नाही म्हणालीस तरी मला चालेल."

आबांनी आयुष्यात कुणाचा पै-पैसा बुडवला नाही. लेण्यात सापडलेलं पर्यटकाचं घड्याळ परत द्यायला ते दौलताबादपर्यंत बसच्या मागं गेले होते. त्यांच्याबद्दल मी 'फायदा मिळवण्याच्या हेतूनं' असं लिहून द्यायचं?

दोन दिवस कागद तसाच पडून होता. शेवटी आईला सगळं सांगितलं, माझा शिक्कासुद्धा. शिक्क्याचं ऐकल्यावर तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. मग म्हणाली, "आता त्यो कागद वाच." मी वाचला. मराठी करून, एकही शब्द न गाळता.

आई परातीतले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "सही कर."

"आई, आबांना लबाड ठरवायचं?"

"तुझा बाप मेला. त्याला आता कोण काय करतंय? ती जित्ती हाय." आणि वर मान न करता म्हणाली, "त्यानंच केली असती सही. लबाड तर लबाड."

काल क्रांती चौकात नोटरीकडे जाऊन सही केली. सोबत पाठवते आहे. नोटरी विचारत होता, कैलासवासी तुमचे कोण? वडील, म्हटलं. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला. सही करताना मला काहीच झालं नाही. बाहेर येऊन रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि मग रडू फुटलं, भर चौकात. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ अम्मा, किधर जाना है?" कुठं जायचं ते मला सांगताच येईना.

ही माझी परतफेड समज. निवडणूक जिंक.

योगिनी

वेरूळ
२१ ऑक्टोबर २०२४

चंदा,

तू मूर्ख आहेस. साठ वर्षांची, देश चालवलेली मूर्ख बाई.

वकिलांचं पत्र आज आलं. इतका वैतागलेला वकील मी कधी पाहिला नाही, सदर महिला वगैरे विसरून सरळ 'मॅडम, काय सांगू' असं लिहिलंय. माझं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातात होतं, वर नोटरीचा शिक्का होता, न्यायाधीश घ्यायला तयार होते. आणि तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, हे दाखल करू नका, हे खोटं आहे.

मी सही केली होती ना? माझ्या बापाच्या नावावर मी काळं फासून दिलं होतं, माझ्या हातानं. आई तांदूळ निवडता निवडता हो म्हणाली, त्यासाठी तिला काय सोसावं लागलं असेल, ते तुला कळतं? आणि तू ते फुकट घालवलंस. मला इतका राग आलाय की अक्षर वेडंवाकडं येतंय.

पदवी तुझी, हे साहेबरावांच्या जबाबावर मान्य झालं. तुरुंग टळला. दहा वर्षं निवडणूक लढवायची नाही, असा हुकूम. पक्षानं त्याच संध्याकाळी नवा नेता निवडला. वकील लिहितात, सभागृहाच्या दारावरचा तुझा फलक दुसऱ्या दिवशी उतरवला. दहा वर्षांनी तू सत्तर वर्षांची होशील. म्हणजे संपलंच की सगळं.

पत्राच्या शेवटी त्यांनी तुझा कोर्टातला जबाब जोडलाय. तो मी आईला वाचून दाखवला. "भिकन शिंगाडे यांनी माझ्या देखत नाव दिलं. मैत्रिणीनं मला अर्थ समजावून सांगितला आणि मी ते आनंदानं घेतलं. माझे जन्मदाते वडील मला शिकवायला जिवंत नव्हते, यांनी शिकवलं. त्यांनी माझी फसवणूक केली नाही. २०१८ साली वेरूळला मी त्यांना ओळख दाखवली नाही. फसवणूक झाली असेल तर ती तिथं झाली आणि ती मी केली."

आईनं पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता आबांबद्दल काही म्हणेल.

"म्हंजी आता तिला काम नाय?"

"नाही."

"तिकडं तिचं कोण हाय?"

भाऊ नाही, बहीण नाही, लग्न केलं नाही, पक्ष होता तो गेला. मी सांगितलं, कुणी नाही.

"मंग तिला म्हणावं, हिकडं ये."

मी म्हटलं, आई, असं नसतं. ती माजी पंतप्रधान आहे, तिचं तिकडे घर आहे, पोलीस असतात तिच्या दारात, व्हिसा लागतो, सरकारला विचारावं लागतं. अशी कशी उठून येईल?

आई चिडली. "मी तुला इचारलं का? तिला इचार."

म्हणून विचारते आहे. येशील का?

योगिनी